जुन्या .२२ रायफलीला पीप साइट बसवताना



शूटिंग क्लबात नवीन तुकडी आली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, "सर, आम्हाला पीप साइट कधी मिळणार?" या प्रश्नामागे एक समजूत असते. पीप साइट लागली की गुण आपोआप वाढतात, अशी ती समजूत. ती अर्धी खरी आहे. कोणती अर्धी खरी आणि कोणती खोटी, हे समजावे म्हणून हा लेख.

आपल्या क्लबाकडे चेक बनावटीची एक जुनी बोल्ट-ॲक्शन .२२ स्पोर्टिंग रायफल आहे. नळी उत्तम, ट्रिगर स्वच्छ, पण साइट उघड्या: मागे खाच आणि पुढे माशी. पन्नास मीटर प्रोनच्या स्पर्धेत शेजारच्या लेनवर सगळ्यांकडे पीप साइट असताना आपली मुले या रायफलीने उतरत आणि मागे पडत. नवी मॅच रायफल घेणे क्लबाच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा या रायफलीला बाहेरून आणलेली पीप साइट बसवायची, नाहीतर ती कोतात ठेवून द्यायची, असे दोनच मार्ग उरले. गेल्या सत्रात आपले आर्मरर उस्ताद आणि मी मिळून ती साइट बसवली. अकरावीचे काही कॅडेट मापे घ्यायला आणि हिशेब करायला बरोबर होते. त्या कामात जे भौतिकशास्त्र आणि जी भूमिती लागली ती दहावीपलीकडची नाही. म्हणून ती येथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीची अट

एनसीसीच्या रायफली सरकारी मालमत्ता आहेत. त्यांच्या स्क्रूला कॅडेटने हात लावायचा नाही. क्लबाच्या परवान्यावरील रायफलीचे कामही जबाबदार अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने आणि आर्मररच्या हातूनच व्हायचे. नळीला किंवा रिसीव्हरला नवे भोक पाडायचे नाही. जी साइट केवळ चिमट्यासारखी आवळून बसते आणि काढली तर मागे खूण राहत नाही, तीच निवडायची. काम सुरू करण्यापूर्वी बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेले, आणि त्या खोलीत एकही गोळी नाही. आमचे उस्ताद ही तपासणी प्रत्येक वेळी मोठ्याने बोलून करतात. चहा पिऊन परत आले तरी पुन्हा करतात.

डोळ्याला तीन कामे, पैकी एकच जमते

उघड्या साइटने नेम धरताना डोळ्याला तीन वस्तू पाहायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य. तिघी वेगवेगळ्या अंतरावर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून उस्ताद शिकवतात की नजर माशीच्या टोकावर ठेवा, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालेल. हे बरोबरच आहे. पण 'थोडे धूसर' म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहू.

डोळ्यापासून माशी ७७० मिमीवर आहे आणि डोळ्याची बाहुली ३ मिमी रुंद उघडलेली आहे असे धरा. नजर माशीवर स्थिर असताना लक्ष्यावरचा प्रत्येक बिंदू पसरून ठिपका होतो. बाहुलीच्या दोन कडांपासून माशीतून जाणाऱ्या रेषा पुढे लक्ष्यापर्यंत वाढवल्या की दोन समरूप त्रिकोण मिळतात. लहान त्रिकोणाचा पाया ३ मिमी, उंची ०.७७ मीटर. मोठ्याची उंची उरलेले ४९.२३ मीटर. म्हणून ठिपक्याचा व्यास ३ × ४९.२३ ÷ ०.७७, म्हणजे सुमारे १९२ मिमी.

पन्नास मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावरील काळा गोल ११२.४ मिमीचा असतो. म्हणजे धूसरपणा खुद्द काळ्या गोलापेक्षा मोठा! अशा गोलाची कड कोठे आहे हे डोळा अंदाजाने ठरवतो. डोळे थकले की तो अंदाज बदलतो.

आता डोळ्यापुढे १.२ मिमीचे छिद्र धरा. बाहुली ३ मिमीची असली तरी प्रकाश १.२ मिमीतूनच येणार. तोच त्रिकोण, फक्त पाया १.२ मिमी. ठिपका होतो सुमारे ७७ मिमीचा. माशी तितकीच स्पष्ट, आणि काळा गोल आता काळा गोल म्हणून दिसतो. पीप साइटचे पहिले देणे हेच. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे एकाच वेळी बरेचसे स्पष्ट दिसते. चष्म्याचा नंबर असणारे कॅडेट मुठीच्या फटीतून फळ्यावरचे वाचायचा प्रयत्न करतात, तेही याच नियमाने.

दुसरे देणे असे की खाच पाहण्याचे काम डोळ्यावरून उतरते. छिद्राकडे पाहायचेच नसते, छिद्रातून पाहायचे असते. छिद्राच्या मध्यभागी प्रकाश सर्वांत जास्त असतो आणि डोळा तेथे आपोआप जातो. तीन कामांची दोन झाली.

तिसरे देणे लांबीचे. आपल्या रायफलीवर जुनी खाच नळीवर होती, माशीपासून ४३० मिमीवर. पीप साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला बसते, त्यामुळे हे अंतर ७०० मिमी झाले. नेम धरताना दोन साइटच्या जुळणीत एक दशांश मिलिमीटर चूक झाली, तर पन्नास मीटरवर जुन्या साइटने गोळी ११.६ मिमी सरके. नव्या साइटने ७.१ मिमी सरकते. या लक्ष्यावर एक गुण जायला ८ मिमी पुरतात. चूक तेवढीच, पण एका बाबतीत गुण गेला आणि दुसऱ्यात कदाचित वाचला.

हे केवळ खेळातले कौतुक आहे असे समजू नका. पहिल्या महायुद्धातील .३०३ एनफिल्डवर उघडी खाच होती. दुसऱ्या महायुद्धातील नंबर ४ एनफिल्डवर छिद्राची साइट आली. आपल्या सेनेने वापरलेली ७.६२ एसएलआर आणि ५.५६ इन्सास या दोन्हींवर छिद्राचीच बॅकसाइट आहे. फरक इतकाच की रणांगणावरचे छिद्र मोठे असते, कारण तेथे झटपट नेम आणि कमी उजेड यांचा विचार करावा लागतो.

खरी अडचण उंचीची

पीप साइट विकत घेणाऱ्या बहुतेकांना वाटते की रेल जुळली की काम झाले. रेल जुळणे आवश्यक आहेच. .२२ रायफलींच्या रिसीव्हरवर बहुधा ११ मिमीची डव्हटेल असते. पण ११ मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या रेल हुबेहूब सारख्या नसतात. कडांचा कोन वेगळा असू शकतो, आणि मग चिमटा फक्त दोन रेघांवर टेकतो. तेव्हा व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजा. चिमटा हाताने बसवून उजेडासमोर धरा आणि फट दिसते का पाहा.

यापेक्षा मोठी अडचण उंचीची. मॅच रायफलींसाठी बनवलेली बॅकसाइट उंच असते, कारण त्या रायफलींची माशीही उंच असते. स्पोर्टिंग रायफलीची माशी मात्र ठेंगणी. आपल्या रायफलीची मापे नळीच्या मध्यरेषेपासून अशी निघाली: माशीचे टोक २० मिमी, आणि नवी बॅकसाइट अगदी खाली उतरवली तरी तिचे छिद्र ३१ मिमी. फरक ११ मिमी.

फरक किती हवा? पॉइंट टू-टूची साधी गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२५ मिमी खाली ओढते. ½gt² मांडून स्वतः करून पाहा. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवावे लागते. बॅकसाइट माशीपेक्षा थोडी उंच असते ती त्यासाठीच. किती उंच, याचे सूत्र समरूप त्रिकोणांतूनच निघते:

उंचीतील फरक = दोन साइटमधील अंतर × (बॅकसाइटची उंची + गोळीची घसरण) ÷ लक्ष्याचे अंतर

आपल्या आकड्यांनी: ७०० × (३१ + १२५) ÷ ५०००० = २.१८ मिमी.

हवे २.१८, आहेत ११. म्हणजे ८.८२ मिमी जास्त. पन्नास मीटरवर या जादा उंचीचा परिणाम ८.८२ × ५०००० ÷ ७०० = ६३० मिमी. काळ्या गोलाच्या मधोमध नेम धरायचा आणि गोळी ६३ सेंटिमीटर वर जायची! कागदच चुकला असता आणि रेंजवर आम्ही 'गोळी गेली कोठे' म्हणून शोधत बसलो असतो. साइट सदोष आहे असाही निष्कर्ष कोणी काढला असता. हा सगळा शोध कागद-पेन्सिलने दहा मिनिटांत आधीच लागला. साइट बसवण्याच्या कामात पेचकसाआधी पेन्सिल उचलायची, ती याचसाठी.

उपाय एकच, माशी उंच करणे. जुनी माशी काढून जपून ठेवली आणि नळीच्या तोंडाशी आवळून बसणारा ठोकळा व त्यावर माशीची नळकांडी लावली. नळकांडीचा मध्य ३३ मिमीवर आला. बॅकसाइट ३५ मिमीच्या आसपास ठेवायची म्हटल्यावर लागणारा फरक ७०० × १६० ÷ ५०००० = २.२४ मिमी, म्हणजे छिद्र ३५.२ मिमीवर. बॅकसाइटच्या खाली आणि वर दोन्हीकडे फिरायला जागा उरली. पंचवीस मीटरच्या छोट्या रेंजसाठी घसरण सुमारे ३० मिमीच असते, तेव्हा फरक १.८२ मिमी पुरतो. दोन्ही अंतरे एकाच साइटच्या आवाक्यात आली.

नळकांडी निवडताना नियमही पाहिले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती ५० मिमीपेक्षा लांब आणि २५ मिमीपेक्षा रुंद नसावी, आणि नळीच्या तोंडापुढे जाऊ नये.

येथे एक उपअडचण आली. नजरेची रेषा पूर्वीपेक्षा चौदा-पंधरा मिलिमीटर वर गेली, पण दस्त्याची उंची तीच. गाल दस्त्यावर टेकवला की डोळा छिद्राच्या खाली राहायचा. छिद्रापर्यंत डोळा न्यायला मान ताणावी लागे. ताणलेली मान दोन मिनिटांत थरथरते. त्यासाठी दस्त्यावर दाट फोमची पट्टी कॅनव्हासने घट्ट बांधून गालाची टेकण तेवढीच उंच केली. परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा, गाल आरामात टेकवा, डोळा उघडा. छिद्रातून माशीची नळकांडी मधोमध दिसली तर टेकण बरोबर.

ओळंब्याचे काम

माशीचा ठोकळा गोल नळीवर आवळला जातो, म्हणून तो कोठेही फिरू शकतो. ५ अंश कलला तर ३३ मिमी उंचीवरचा मध्य २.९ मिमी बाजूला जातो, आणि पन्नास मीटरवर गोळी सुमारे २०५ मिमी विरुद्ध बाजूला. बॅकसाइट बाजूला सरकवून ते झाकता येते, पण तशी झाकपाक करू नये. बॅकसाइटची आडवी चाल त्यातच संपते आणि वाऱ्यासाठी जागा उरत नाही.

आम्ही रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. रिसीव्हरच्या डव्हटेलच्या सपाट पृष्ठावर लहान पाणसळ ठेवून रायफल समतल केली. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा ओळंबा सोडला. माशीची उभी कड आणि दोरा एकरूप दिसेपर्यंत ठोकळा फिरवला आणि मगच आवळला. स्क्रू एकदम नाही, आळीपाळीने थोडे थोडे. आवळण्यापूर्वी रेल आणि नळी स्पिरिटने पुसून तेल काढले होते. तेलावर बसवलेला चिमटा शंभर गोळ्यांत सरकतो. शेवटी ठोकळा आणि नळी यांवर मिळून एक बारीक पांढरी रेघ ओढली. ती साक्षीदार रेघ. रोज कोतातून रायफल काढताना रेघ तुटलेली दिसली तर साइट हलली आहे, गोळी झाडण्याआधीच कळते.

साइट सरळ बसली तरी रायफल धरणारा कललेला असू शकतो. रायफल ५ अंश उजवीकडे कलली तर पन्नास मीटरवर गोळी सुमारे ११ मिमी उजवीकडे जाते. एक गुण तेथे गेलाच. प्रत्येक गोळीला कल सारखा असेल तर ते चालून जाते. दर वेळी वेगळा असेल तर कोणतीही साइट उपयोगाची नाही.

झिरोइंग: आधी गट, मग क्लिक

बोल्ट काढा, रायफल पिशव्यांवर ठेवा आणि मागून नळीतून पाहून लक्ष्याचा काळा गोल मधोमध आणा. आता रायफल न हलवता साइटमधून पाहा. पन्नास मीटरवर नजर काळ्या गोलाच्या मध्याखाली १२–१३ सेंटिमीटरवर पडायला हवी, कारण गोळी तेवढीच खाली येणार आहे. गोलाची त्रिज्या ५६ मिमी, म्हणजे गोलाच्या खालच्या कडेपासून आणखी सातएक सेंटिमीटर खाली. हे जुळले की पहिली गोळी कागदावर पडते.

मग टेकूवरून पाच गोळ्या. एकही क्लिक न फिरवता. पाच छिद्रांचा मध्य काढा आणि त्या मध्यावरूनच दुरुस्ती करा. नियम लक्षात ठेवा: गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट, माशी मात्र उलट. क्लिक किती मिलिमीटरची, हे पत्रकावरून घेऊ नका, मोजा. वीस क्लिक वर फिरवून पुन्हा पाच गोळ्या झाडा आणि दोन गटांच्या मध्यांतील अंतराला वीसने भागा. आमचे अंतर ७१ मिमी आले, म्हणजे एक क्लिक साडेतीन मिलिमीटर. स्क्रूच्या आट्यांवरून काढलेला हिशेबही हाच होता: एका क्लिकला ०.०५ मिमी, आणि ०.०५ × ५०००० ÷ ७०० = ३.५७. दोन्ही उत्तरे जुळली, तेव्हा साइट प्रामाणिक आहे याची खात्री पटली. उलट दिशेने फिरवताना स्क्रूत थोडी ढील असते. म्हणून दोन क्लिक पुढे जाऊन परत यावे, नेहमी एकाच दिशेने थांबावे.

छिद्र आणि रिंग

मागचे छिद्र १.१ ते १.३ मिमीपासून सुरू करा. अंधाऱ्या रेंजवर ते थोडे मोठे करावे. फार बारीक केले की चित्र काळवंडते आणि प्रकाश कडांवर वळल्यामुळे पुन्हा धूसर होते. डोळा छिद्रापासून सहा-सात सेंटिमीटरवर असावा आणि दर गोळीला तितक्याच अंतरावर.

पुढे काट्याऐवजी रिंग लावली तर गोलात गोल बसवायचा असतो, आणि समकेंद्री गोल ओळखण्यात डोळा फार हुशार आहे. डोळ्यापासून ७७० मिमीवरील माशीच्या जागी लक्ष्याचा काळा गोल १.७३ मिमीचा भासतो. रिंग त्याच्या दुप्पट घ्या, म्हणजे साधारण ३.५ मिमी. नवशिके अगदी घट्ट रिंग मागतात, कारण ती अचूक वाटते. पण घट्ट रिंगमध्ये हाताची प्रत्येक हालचाल मोठी दिसते, नेमबाज घाबरतो आणि 'आता, आता' म्हणत ट्रिगर झटकतो. काळ्याभोवती पांढऱ्याची भरपूर पट्टी राहू द्या.

चष्मा असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की प्रोनमध्ये आपण काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून पाहतो. तेथे नंबर नीट लागत नाही. चष्मा नाकावर थोडा वर चढवून काचेच्या मध्यातून पाहण्याची सवय करा.

साइट काय करत नाही

आता त्या अर्ध्या खोट्या समजुतीकडे वळतो. साइट बसवल्यावर टेकूवरून, पन्नास मीटरवर रायफलीचा गट २५ मिमीच्या आसपास येऊ लागला. त्यानंतर अकरावीचा एक कॅडेट प्रोनमध्ये झाडू लागला. त्याचा गट ६० मिमीचा. गोळी डावीकडे गेली की दोन क्लिक उजवीकडे, पुढची वर गेली की दोन क्लिक खाली, असे त्याचे चाललेले. तीन दिवसांनी तो म्हणाला, "सर, रायफलीतच काहीतरी आहे."

मी त्याच्यापुढे वही ठेवली. स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, ढोबळमानाने त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ६० चा वर्ग ३६००, रायफलीच्या २५ चा वर्ग ६२५. उरले २९७५, वर्गमूळ सुमारे ५४.५. म्हणजे रायफल जादूने निर्दोष झाली, प्रत्येक गोळी एकाच छिद्रातून जाऊ लागली, तरी त्याचा गट ६० वरून ५५ पर्यंतच येणार. पाच मिलिमीटर रायफलीचे. बाकी सगळे श्वास, कोपर, स्लिंग आणि ट्रिगर यांचे.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच विचारले की क्लिक फिरवण्याने काय होत होते. प्रत्येक गोळी गटात कोठेही पडू शकते. एका गोळीवरून साइट हलवली तर आपण योगायोगामागे धावतो आणि गटाचा मध्यच दर वेळी दुसरीकडे नेतो. पाच गोळ्यांच्या सरासरीत योगायोगाचा वाटा √५ पटीने, म्हणजे निम्म्याहून कमी होतो. दहा गोळ्यांच्या सरासरीत तिसरा हिस्सा उरतो. म्हणून पाचाआधी क्लिक नाही.

त्या दिवसापासून एक महिनाभर त्याने क्लिकला हात लावायचा नाही, असे ठरले. प्रत्येक गोळीनंतर, दुर्बिणीतून पाहण्याआधी, गोळी कोठे गेली असेल ते तोंडाने सांगायचे आणि वहीत टिंब काढायचे. उघड्या साइटवर हे त्याला सांगता येत नसे, कारण ट्रिगर सुटताना लक्ष्य धूसरच असायचे. पीप साइटवर ते दिसते. 'उजवीकडे, चार वाजता, आठ' असे तो म्हणू लागला, आणि बहुतेक वेळा दुर्बीण त्याच्याशी सहमत होऊ लागली. ज्याला आपली चूक ट्रिगर सुटतानाच दिसते तोच ती सुधारू शकतो. महिनाअखेर त्याचा गट ४० मिमीच्या आत आला. रायफल तीच, साइट तीच, क्लिकही तेच.

पीप साइटचे खरे देणे मला हेच वाटते. ती नेमबाजाला चांगले करत नाही. त्याने काय केले ते त्याला स्पष्ट दाखवते. ज्याला ते पाहायचे नाही त्याच्यासाठी ती महागडे लोखंड आहे.

तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले. दोघेही अशाच छिद्रातून, अशाच काळ्या गोलाकडे पाहत होते. त्यांच्या आणि तुमच्या साइटमधील फरक किमतीचा असेल, पण त्यामागचे समरूप त्रिकोण अगदी एकच आहेत.

सरावासाठी प्रश्न

१. एका रायफलीवर दोन साइटमधील अंतर ६५० मिमी आहे. एका क्लिकने बॅकसाइट ०.०५ मिमी सरकते. पन्नास मीटरवर एका क्लिकने गोळी किती सरकेल? पंचवीस मीटरवर किती?

२. याच रायफलीच्या पाच गोळ्यांचा मध्य पन्नास मीटरवर १९ मिमी खाली आला. किती क्लिक, कोणत्या दिशेने?

३. पहिली गोळी १९ मिमी खाली गेली, बाकीच्या अजून झाडायच्या आहेत. किती क्लिक?

४. माशी ०.३ मिमी उजवीकडे सरकली आहे. पन्नास मीटरवर गोळी कोठे जाईल?

उत्तरे: (१) ३.८५ मिमी, १.९२ मिमी. (२) पाच क्लिक वर. (३) एकही नाही. (४) सुमारे २३ मिमी डावीकडे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी 'पाच' लिहिले त्यांनी शनिवारी वही घेऊन रेंजवर यावे. क्लबाची रायफल आणि उस्ताद दोघेही तेथे असतील.